हार्ट अटॅकनंतर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन: वेळ वाचतो की वाया जातो?

सांजवारा

नमस्कार मंडळी. धागा काढायचं कारण घरातलंच आहे. सासऱ्यांना पहाटे छातीत दुखायला लागलं. जवळ जे छोटं रुग्णालय होतं तिथे नेलं. ईसीजी काढल्या काढल्या तिथले डॉक्टर म्हणाले, "मोठा अटॅक आहे, शीर पूर्ण बंद आहे." चार-पाच प्रश्न भराभर विचारले, सही घेतली आणि टेनेक्टेप्लेज नावाचं इंजेक्शन शिरेतून दिलं. मग रुग्णवाहिकेतून कॅथ लॅब (अँजिओग्राफी-अँजिओप्लास्टीची खोली) असलेल्या मोठ्या रुग्णालयात. दुसऱ्या दिवशी अँजिओग्राफी, म्हणजे हृदयाच्या धमन्यांचं चित्र काढणारी तपासणी, आणि अँजिओप्लास्टी, म्हणजे धमनी आतून फुगवून उघडणं आणि तिथे एक स्टेंट (धातूची जाळीदार नळी) बसवणं. आता बाबा घरी आहेत, तब्येत सुधारतेय.

पण घरात वाद काही मिटत नाही. माझे दीर म्हणतात, इंजेक्शनच्या भानगडीत न पडता थेट मोठ्या रुग्णालयात न्यायला हवं होतं, शेवटी अँजिओप्लास्टी करावी लागलीच ना! नणंदेचं म्हणणं, इंजेक्शनने गुठळी विरघळली होती तर स्टेंट घातलाच कशाला? मला दोघांचंही अर्धं अर्धं पटतं. इथे जाणकार आहेत, कुणी नीट समजावेल का? ही औषधं नक्की करतात काय?

शंकासुर

दिरांशी सहमत. अँजिओप्लास्टीच सर्वोत्तम असं सगळीकडे वाचलंय. इंजेक्शन म्हणजे सोय नसलेल्या ठिकाणची तडजोड. मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो ते वेगळंच.

हृदयस्थ

मी याच शाखेत काम करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो. कुणा एका रुग्णाबद्दल निदान करत नाहीये, हे आधीच सांगून ठेवतो.

हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या धमनीच्या आतल्या भिंतीत चरबीचा थर साठलेला असतो. तो फुटला की शरीराला वाटतं जखम झाली. प्लेटलेट्स (रक्त गोठवणाऱ्या बारीक पेशी) धावून येतात, त्यांच्याभोवती फायब्रिन नावाच्या प्रथिनाच्या धाग्यांचं जाळं विणलं जातं आणि गुठळी तयार होते. धमनी पूर्ण बंद झाली की ईसीजीमध्ये एसटी भाग वर उचललेला दिसतो. या प्रकाराला आम्ही स्टेमी म्हणतो. तुमच्या सासऱ्यांना बहुधा हाच झाला असणार, कारण हे इंजेक्शन फक्त याच प्रकारात देतात.

गुठळी विरघळवायची सोय शरीरात मुळातच आहे. रक्तात प्लाझ्मिनोजेन नावाचं निष्क्रिय प्रथिन फिरत असतं. ते जागं झालं की त्याचं प्लाझ्मिन होतं आणि प्लाझ्मिन फायब्रिनचे धागे तोडतं. स्ट्रेप्टोकायनेज, आल्टेप्लेज, रेटेप्लेज, टेनेक्टेप्लेज ही सगळी औषधं एवढंच करतात: प्लाझ्मिनोजेनला जागं करतात. गुठळी तोडायचं काम आपलंच प्लाझ्मिन करतं.

आता दिरांचा मुद्दा. अँजिओप्लास्टी वेळेत होणार असेल तर तीच सरस, यात वाद नाही. २००३ साली २३ चाचण्यांचा एकत्रित अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात अँजिओप्लास्टीच्या गटात सुमारे ७ टक्के तर इंजेक्शनच्या गटात सुमारे ९ टक्के मृत्यू होते. पण सगळी मेख 'वेळेत' या अटीत आहे. ईसीजीवर निदान झाल्यापासून १२० मिनिटांच्या आत धमनीत तार पोचणार असेल तर अँजिओप्लास्टी. पोचणार नसेल तर इंजेक्शन, आणि तेही निदानानंतर १० मिनिटांत सुरू करावं असं युरोपीय मार्गदर्शक सूचना सांगतात.

१२० मिनिटं ऐकायला भरपूर वाटतात. त्यात रुग्णवाहिका यायची, रुग्ण चढवायचा, रस्ता कापायचा, तिकडे नोंदणी, पहाटेच्या वेळी घरी झोपलेली कॅथ लॅबची टीम गोळा व्हायची, मग मनगटातून किंवा जांघेतून शिरून हृदयापर्यंत जायचं. टेनेक्टेप्लेज द्यायला दहा सेकंदही लागत नाहीत. इंजेक्शनमुळे वेळ गेला असं दिरांना वाटतंय, पण औषध रुग्णवाहिकेच्या प्रवासातही आपलं काम करत होतं.

रातकिडा

डॉक्टर, उत्तम प्रतिसाद. वाचनखूण साठवली. एक शंका: वेळेचा एवढा बाऊ का? माझ्या ओळखीचे एक गृहस्थ अटॅक आल्यावर दुसऱ्या दिवशी चालत दवाखान्यात गेले आणि आजही ठणठणीत आहेत.

हृदयस्थ

चालत गेले हे त्यांचं नशीब. वाटेत हृदयाची लय बिघडून कोसळले असते तर हा किस्सा सांगायला कुणी नसतं.

स्नायू एकदम मरत नाही. आतल्या थरापासून सुरुवात होते आणि नुकसान हळूहळू बाहेर पसरतं. रायमर आणि जेनिंग्ज यांनी १९७० च्या दशकात कुत्र्यांवरच्या प्रयोगांत हे दाखवलं. ४० मिनिटांत धमनी उघडली तर बराच स्नायू वाचतो, ३ तासांनी थोडा, ६ तासांनी फारच कमी. माणसांतले आकडेही त्याच दिशेचे आहेत. १९९६ च्या एका विश्लेषणानुसार पहिल्या तासात औषध दिलं तर दर हजार रुग्णांमागे सुमारे ६५ जीव वाचतात. काही तास उलटले की हाच आकडा २०-३० वर येतो. १२ तासांनंतर तर इंजेक्शनचा फायदा जवळपास उरत नाही, धोका मात्र तेवढाच राहतो. गुठळीही शिळी होत जाते, धागे एकमेकांत घट्ट बांधले जातात आणि औषधाला दाद देत नाहीत.

म्हणून पित्त झालंय, गॅस झालाय असं म्हणत घरी काढलेला वेळ हा सगळ्यात महाग वेळ. रुग्णालयाच्या दारात आल्यावरची दहा मिनिटं आम्ही कमी करू शकतो, घरातले दोन तास नाही.

जुनी पाने

विषय निघालाच आहे तर थोडा इतिहास. मी डॉक्टर नाही, पण वैद्यकाच्या इतिहासाचं वेड आहे.

१९३३ मध्ये जॉन्स हॉपकिन्सच्या विल्यम टिलेट यांच्या लक्षात आलं की स्ट्रेप्टोकोकस हे जंतू माणसाच्या रक्तातली फायब्रिनची गुठळी विरघळवतात. ज्या जंतूंमुळे घसा धरतो त्यांच्याच कुळातला हा! त्यातून स्ट्रेप्टोकायनेज मिळालं. आधी ते फुप्फुसाभोवती साठलेलं घट्ट रक्त आणि पू पातळ करायला वापरलं गेलं. १९५८ मध्ये हार्ट अटॅकच्या रुग्णांना शिरेतून देऊन पाहिलं. म्हणजे औषध हाताशी होतं. तरी ते रुळायला पुढची जवळजवळ तीस वर्षं गेली!

कारण मोठं गमतीचं आहे. गुठळीमुळे अटॅक येतो की अटॅक आल्यावर मेलेल्या भागात गुठळी होते, यावरच दिग्गजांचं एकमत नव्हतं. गुठळी नंतरची असेल तर ती विरघळवून फायदा काय? १९८० मध्ये डिवुड आणि सहकाऱ्यांनी अटॅक चालू असतानाच अँजिओग्राफी केली. त्या काळात हे धाडसच होतं. पहिल्या चार तासांत तपासलेल्यांपैकी ८७ टक्के रुग्णांची धमनी पूर्ण बंद निघाली. १२ ते २४ तासांनी तपासलेल्यांत तेच प्रमाण ६५ टक्के. म्हणजे गुठळी आधी, आणि काहींमध्ये ती आपोआप सुटतेही. वादावर पडदा पडला.

मग दोन प्रचंड चाचण्या. १९८६ मध्ये इटलीतली गिस्सी: जवळजवळ बारा हजार रुग्ण. २१ दिवसांतले मृत्यू स्ट्रेप्टोकायनेजने १३ वरून १०.७ टक्क्यांवर आले. आणि १९८८ ची आयसिस-२: १७,१८७ रुग्ण. ही माझी सर्वात लाडकी चाचणी, कारण हिचा खरा हिरो स्ट्रेप्टोकायनेज नव्हे तर साधी ॲस्पिरिन आहे. दोन्हीपैकी काहीच न मिळालेल्यांत पाच आठवड्यांतले हृदय व रक्तवाहिन्यांच्या कारणाने झालेले मृत्यू १३.२ टक्के, दोन्ही मिळालेल्यांत ८ टक्के. एकट्या ॲस्पिरिनचा फायदा जवळपास एकट्या स्ट्रेप्टोकायनेजइतकाच!

थोडं अवांतर: ही चाचणी छापणाऱ्या वैद्यकीय नियतकालिकाच्या संपादकांनी आयसिस-२ च्या लेखकांकडे रुग्णांचे वेगवेगळे उपगट पाडून निकाल मागितले. लेखकांनी दिले, पण सोबत राशींनुसारही पाडून दिले. मिथुन आणि तूळ राशीच्या रुग्णांना ॲस्पिरिनने किंचित तोटा, बाकी दहा राशींना घसघशीत फायदा! आकडे हवे तसे कापत गेलं की काहीही सिद्ध होतं, हे त्यांना दाखवायचं होतं. लेखक असावेत तर असे.

झुळूक

हाहाहा! मी तूळ. ॲस्पिरिन बंद करू का? ;)

जुनी पाने

पाश्चात्त्य पद्धतीची तूळ असेल तर विचार करा. :)

शंकासुर

इतिहास मस्त. पण रक्तस्रावाच्या मुद्द्याला कुणी हात लावला नाही.

हृदयस्थ

लावतो. हे औषध रक्तातून सगळीकडे जातं. हृदयातली गुठळी नको असलेली आणि मेंदूतल्या बारीक वाहिनीला कधीतरी बसलेलं बूच हवं असलेलं, हा फरक त्याला कळत नाही. मेंदूत रक्तस्राव होण्याचं प्रमाण साधारण १ टक्क्याच्या आसपास आहे. वय ७५ च्या पुढे, वजन कमी, रक्तदाब फार चढलेला, अशांना तो धोका जास्त. म्हणूनच सही घेताना ते भराभर प्रश्न विचारतात. आधी कधी मेंदूत रक्तस्राव झालाय का? अलीकडे पक्षाघात? डोक्याला मार? मोठं ऑपरेशन? कुठून रक्त जातंय का? छातीतलं दुखणं फाडल्यासारखं पाठीत जातंय का? हा शेवटचा प्रश्न फार महत्त्वाचा, कारण महाधमनीची भिंत चिरली असेल तर हे इंजेक्शन जीव घेऊ शकतं. मासिक पाळी चालू असेल तर मात्र औषध अडत नाही. स्त्रियांना याच कारणाने ताटकळत ठेवल्याचं मी पाहिलंय आणि ते चूक आहे.

पण हिशोब दोन्ही बाजूंनी करा. शंभरात एकाला होणाऱ्या रक्तस्रावाला घाबरून धमनी तशीच बंद ठेवली तर त्यापेक्षा जास्त माणसं हृदयानेच दगावतात. धोका धरूनच वर दिलेले जीव वाचल्याचे आकडे आलेत.

पांढरा कोट

मी अतिदक्षता विभागात परिचारिका आहे. आमच्या बाजूचं थोडं सांगते.

स्ट्रेप्टोकायनेज द्यायचं म्हणजे अर्धा ते एक तास सलाईनसारखं, १५ लाख युनिट. बीपी धाडकन खाली येतं, म्हणून नजर काटेकोर ठेवावी लागते. बीपी पडलं की वेग कमी करायचा, पाय उंच करायचे, डॉक्टरांना बोलवायचं. थंडी-ताप, अंगावर गांध्या उठणं हेही दिसतं. टेनेक्टेप्लेज आल्यापासून आमचं काम सोपं झालं. वजन विचारायचं, त्याप्रमाणे ३० ते ५० मिलिग्रॅम, एकदाच, संपलं. म्हणून नातेवाइकांना वजन विचारलं की "आत्ता वजन कशाला?" म्हणून चिडू नका, डोसच त्यावर ठरतो.

या औषधानंतर आम्ही दंडात किंवा कमरेत इंजेक्शन देत नाही. स्नायूत रक्त साकळतं. दुखतंय म्हणून बाहेरून कुणी तसं इंजेक्शन आधीच देऊन पाठवलं असेल तर ते आम्हाला सांगा, लपवू नका.

आणि औषध लागू पडल्याचं कसं कळतं? छातीतलं दुखणं उतरतं. माणसाचा चेहराच सांगतो. ६० ते ९० मिनिटांनी ईसीजी पुन्हा काढतात. उचललेला एसटी भाग निम्म्याहून जास्त खाली आला तर धमनी उघडली असं धरतात. मधेच मॉनिटरवर ठोक्यांची लय काही वेळ वेगळीच दिसते, अलार्म वाजतो आणि नातेवाईक घाबरतात. पुष्कळदा ती रक्त परत वाहू लागल्याचीच खूण असते आणि आपोआप थांबते. डॉक्टर शांत उभे राहून बघत असतील तर ते दुर्लक्ष करत नाहीयेत.

सांजवारा

किती नेमकं सांगितलंत ताई! त्या अलार्मने आम्ही सगळे गर्भगळीत झालो होतो. आता नणंदेच्या प्रश्नाचं: गुठळी गेली तर स्टेंट का?

हृदयस्थ

कारण गुठळी गेली तरी फुटलेला चरबीचा थर तिथेच असतो. औषध फायब्रिन तोडतं, कोलेस्टेरॉल नाही. ती जागा खडबडीत, अरुंद आणि चिकट राहते, पुन्हा गुठळी व्हायला निमंत्रणच. शिवाय इंजेक्शन प्रत्येक वेळी पूर्ण काम करत नाही. आल्टेप्लेज वेगाने देऊनही ९० मिनिटांनी पूर्ण मोकळा प्रवाह निम्म्याहून थोड्याच जास्त रुग्णांत दिसला होता, स्ट्रेप्टोकायनेजने तर सुमारे एक तृतीयांशच.

म्हणून आता रीत अशी: इंजेक्शन देऊन लगेच कॅथ लॅब असलेल्या ठिकाणी पाठवायचं. ईसीजी सुधारला नाही तर तातडीने अँजिओप्लास्टी. सुधारला तर २ ते २४ तासांच्या दरम्यान अँजिओग्राफी. दुसऱ्या दिवशी केली म्हणजे उशीर केला असं नाही, ठरवून केली. औषध दिल्या दिल्या स्टेंट घालायला गेलं तर रक्तस्राव आणि पुन्हा गुठळी, दोन्ही वाढतात, असंही पूर्वीच्या चाचण्यांत दिसलं होतं.

शंकासुर, तुमच्या 'तडजोड' शब्दासाठी २०१३ ची स्ट्रीम चाचणी सांगतो. तीन तासांच्या आत आलेले, पण तासाभरात अँजिओप्लास्टी शक्य नसलेले १,८९२ रुग्ण. एका गटाला इंजेक्शन व नंतर अँजिओग्राफी, दुसऱ्याला थेट अँजिओप्लास्टी. मृत्यू, शॉक (रक्तदाब कोसळणं), हार्ट फेल्युअर, पुन्हा अटॅक हे सगळं मिळून १२.४ विरुद्ध १४.३ टक्के, म्हणजे बरोबरीच. इंजेक्शनवाल्यांपैकी ३६ टक्क्यांना तातडीने अँजिओग्राफी लागली हेही खरं, आणि मेंदूतला रक्तस्राव १ विरुद्ध ०.२ टक्के. चाचणी चालू असतानाच ७५ वर्षांवरच्यांचा डोस निम्मा केला गेला. लवकर आलेल्या पण कॅथ लॅबपासून लांब असलेल्या माणसासाठी मी याला तडजोड म्हणणार नाही.

शंकासुर

मान्य, 'लांब असलेल्या' या शब्दांसकट. पण मग स्ट्रेप्टोकायनेज अजून का वापरतात? टेनेक्टेप्लेज इतकं सरस असेल तर?

हृदयस्थ

स्वस्त आहे म्हणून, आणि काहीच न देण्यापेक्षा फार चांगलं आहे म्हणून. १९९३ च्या गस्टो चाचणीत ४१ हजारांवर रुग्ण होते. आल्टेप्लेजच्या गटात ३० दिवसांतले मृत्यू ६.३ टक्के, स्ट्रेप्टोकायनेजमध्ये ७.२ ते ७.४. फरक खरा आहे, पण शंभरात एक. पुढे १९९९ मध्ये टेनेक्टेप्लेज आल्टेप्लेजच्या बरोबरीचं ठरलं, मेंदूबाहेरचा रक्तस्राव मात्र कमी. औषध कोणतं यापेक्षा ते तासभर आधी मिळणं जास्त मोलाचं, असं माझं मत.

वळणवाट

माझ्या मामांना पण अटॅक आला होता, ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारं प्रथिन) वाढलं होतं, तरी त्यांना हे इंजेक्शन दिलं नाही. आम्ही मागितलं तर "याला चालत नाही" म्हणाले. का?

हृदयस्थ

बहुधा ईसीजीत एसटी उचललेला नसणार. त्या प्रकारात धमनी सहसा पूर्ण बंद नसते आणि गुठळीत प्लेटलेट्सचा वाटा मोठा असतो. त्यात या औषधांचा फायदा दिसलेला नाही, धोका तेवढाच. तिथे ॲस्पिरिन, हेपॅरिनसारखी रक्त गोठू न देणारी औषधं आणि अँजिओग्राफी. तुमच्या डॉक्टरांनी योग्यच केलं.

झुळूक

बाळबोध प्रश्न: हे औषध गोळीत का मिळत नाही? घरात ठेवली असती.

पांढरा कोट

ही प्रथिनं आहेत, पोटात गेली तर पचून जातील. आणि गोळी असती तरी घरात ठेवू दिली नसती हो! ईसीजीशिवाय कसं कळणार की अटॅकच आहे, आणि महाधमनी चिरलेली नाही? घरी करण्यासारखं एवढंच: रुग्णवाहिका बोलवा, माणसाला चालवू नका, स्वतः गाडी चालवत येऊ देऊ नका. फोनवरचे डॉक्टर सांगतील तर ॲलर्जी किंवा रक्तस्राव नाही याची खात्री करून ॲस्पिरिन ३०० मिलिग्रॅम चावून खायला द्या. गिळून नाही, चावून, म्हणजे लवकर भिनते.

रातकिडा

वडील वाल्व्हसाठी रक्त पातळ करायची गोळी घेतात. म्हणजे त्यांना अटॅकपासून संरक्षण आहे ना?

हृदयस्थ

नाही, तसं धरून चालू नका. ती गोळी नवीन गुठळी होण्याचं प्रमाण कमी करते, झालेली विरघळवत नाही. उलट ती चालू असताना हे इंजेक्शन दिलं तर रक्तस्रावाचा धोका वाढतो. त्यामुळे गोळीचं नाव आणि शेवटचा आयएनआर (रक्त किती पातळ आहे ते सांगणारा तपासणीचा आकडा) लिहिलेला कागद त्यांच्या पाकिटात असू द्या. अशा रुग्णाला शक्यतो थेट अँजिओप्लास्टीकडे पाठवतात.

सांजवारा

सगळ्यांचे आभार. दिरांना धागा वाचायला दिला. ते म्हणाले "हं." आमच्या घरात याचा अर्थ पटलं. :)

शेवटचं एक: डिस्चार्जच्या कागदावर ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल दोन्ही आहेत. बाबा विचारतात, गुठळी गेली, स्टेंट बसला, आता दोन दोन गोळ्या कशाला?

हृदयस्थ

स्टेंट हा धातू आहे. त्यावर आतलं अस्तर चढेपर्यंत प्लेटलेट्स चिकटू शकतात, आणि तिथे गुठळी झाली तर पुन्हा तोच प्रसंग. म्हणून साधारण वर्षभर दोन्ही, मग बहुतेकांना एक कायम. रक्तस्रावाची प्रवृत्ती असेल तर हृदयरोगतज्ज्ञ मुदत कमी करतात, पण ते त्यांनी ठरवायचं. दात काढायचा आहे म्हणून परस्पर बंद केलेल्या गोळीने परत आलेले रुग्ण आम्ही बघतो.

आणि बाबांच्या कागदांत इंजेक्शनचं नाव व तारीख ठळक लिहून ठेवा. टेनेक्टेप्लेज होतं म्हणून फार अडचण नाही, पण स्ट्रेप्टोकायनेज मिळालेल्यांनी तर हे नक्कीच करावं. त्याविरुद्ध शरीरात अँटिबॉडी तयार होतात आणि वर्षानुवर्षं टिकतात, म्हणून ते पुन्हा देत नाहीत.

पांढरा कोट

सोबत घरी येतानाच्या ईसीजीची झेरॉक्स पण ठेवा, फोनमध्ये फोटोही काढा. अटॅकनंतर काहींचा ईसीजी कायमचा बदललेला राहतो. पुढे कधी छातीत दुखून गेलात तर जुना आणि नवा शेजारी धरून बघता येतो. मूळ कागदाची छपाई काही महिन्यांत पुसट होते.